आईचं डीमॅट, ओळखीचे काका आणि नवा ब्रोकर

पाचपाखाडीकरीण (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आली. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

जुलैत आईचं रिटर्न भरायला घेतलं. आई निवृत्त शिक्षिका, वय ६९. पेन्शन, दोन एफडी आणि बाबांच्या मागे तिच्या नावावर आलेले शेअर्स, एवढाच पसारा. दरवर्षी अर्ध्या तासाचं काम. या वेळी सीए म्हणाला, "ताई, एआयएस, म्हणजे आयकर खात्याकडचं व्यवहारांचं पत्रक, बघितलंत का? शेअर्सची चव्वेचाळीस लाखांची विक्री दिसतेय." मला वाटलं पॅन नंबर चुकला. पॅन आईचाच होता.

आईचे शेअर्स सगळे मिळून साडेसहा लाखांचे. चव्वेचाळीस लाख विकले कुठून?

बाबा गेल्यापासून ते खातं एक काका बघतात. बाबांचे तलावपाळीच्या सकाळच्या फेरीतले दोस्त. गोखले रोडला पहिल्या मजल्यावर एका मोठ्या ब्रोकर कंपनीची पाटी लावून बसतात. गणपतीला आमच्याकडे येतात, आरतीला टाळ तेच धरतात. (त्यांचं आणि कंपनीचं नाव कृपया विचारू नका, प्रकरण चालू आहे.)

मी कंपनीच्या मुख्य ऑफिसकडून लेजर, म्हणजे खात्याचा हिशोब, मागवलं. चौदा महिन्यांत आईच्या खात्यावर एक कोटी चार लाखांची उलाढाल. तेच पाच-सहा शेअर्स घ्यायचे, पंधरा दिवसांनी विकायचे, पुन्हा घ्यायचे. ब्रोकरेज अर्धा टक्का, म्हणजे ५२,००० रुपये. त्यावर जीएसटी ९,३६०, एसटीटी (शेअर व्यवहारावरचा सरकारी कर) दहा हजारांच्या वर, शिवाय स्टँप ड्यूटी. बहात्तर हजार गेले आणि आईचे साडेसहा लाख होते तिथेच, उलट किंचित खाली. बँकेतून ना पैसे गेले ना आले, त्यामुळे पासबुकात काही दिसायचा प्रश्नच नव्हता.

मग कॉन्ट्रॅक्ट नोटा, म्हणजे सौद्यांच्या पावत्या, कुठे जात होत्या? एसएमएस कुठे जात होते? केवायसी काढून बघितलं तर मोबाईल नंबर काकांच्या ऑफिसातला आणि ईमेलही त्यांच्याच ऑफिसचा. आईला ईमेल नव्हता, तेव्हा काका म्हणाले होते, "वहिनी, आमचा टाकतो, तुम्हाला कशाला कटकट." २०१९ साली आईने किती ठिकाणी सह्या केल्या हे तिलाही आठवत नाही. तिच्या शब्दांत, "पेन्सिलीने फुल्या मारून ठेवलेल्या होत्या, मी फुलीवर सही करत गेले."

काकांना विचारलं तर म्हणाले, "पैसा नुसता पडून राहून काय उपयोग? वहिनींच्या भल्यासाठीच फिरवत होतो."

आता नवा ब्रोकर शोधायचाय. नेटवर जिकडेतिकडे कोणाचं ब्रोकरेज किती याचेच तक्ते. मी ज्यात अडकले ते एकाही तक्त्यात नाही. तुम्ही कसा निवडलात? आई ॲप वापरणार नाही, मी वापरेन. वर्षातून चार-पाच व्यवहार फार तर.


खारघरचा_टेकडीवाला

ताई, एवढ्या कमी व्यवहारांना सरळ डिस्काउंट ब्रोकर घ्या, म्हणजे सल्ला न देणारा, ॲपवर स्वस्तात सौदे करून देणारा. डिलिव्हरीला, म्हणजे शेअर्स घेऊन खात्यात ठेवायला, काही जण ब्रोकरेज घेतच नाहीत, काही ऑर्डरमागे वीस रुपयांच्या आसपास घेतात. मोबाईलवर आधारने केवायसी होतं, खातं एक-दोन दिवसांत चालू. कोणाच्या जिन्याने वर जायला नको, फुलीवर सही करायला नको. ओळखीचा माणूस हाच सगळ्यात मोठा खर्च असतो.

आणि आईंचे शेअर्स साडेसहा लाखांचे आहेत ना? मग बीएसडीए करून घ्या, बेसिक डीमॅट. सप्टेंबर २०२४ पासून चार लाखांपर्यंत वार्षिक चार्ज शून्य आणि चार ते दहा लाखांना १०० रुपये. त्यांच्या नावावर ते एकच डीमॅट हवं, एवढी अट. माझ्या वडिलांचं केलंय. ब्रोकर स्वतःहून सांगेलच असं नाही, आपण मागायचं.


तलावपाळी_गप्पा

वाचून पोस्टातली मासिक उत्पन्न योजना आठवली आणि गार वाटलं. असो. टाळ धरणारे काका कोण असतील याचा अंदाज बांधत आता रोज सकाळी फेरी मारणार.


जुना_डीलर

मी बावीस वर्षं ब्रोकिंगमध्ये काढली, त्यातली शेवटची अकरा वागळे इस्टेटमध्ये बॅक ऑफिसला. त्यामुळे धागा वाचून नवल वाटलं नाही, वाईट मात्र वाटलं.

आधी तुमच्या काकांचं नेमकं स्थान समजून घ्या. ते ब्रोकर नाहीत. पूर्वी सबब्रोकर म्हणायचे, त्यांची सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, वेगळी नोंदणी असायची. तो प्रकार मार्च २०१९ मध्ये बंद झाला. आता ते 'ऑथराइज्ड पर्सन', म्हणजे कंपनीचे एजंट. ब्रोकरेजमधला ठरलेला वाटा त्यांना मिळतो. बऱ्याच ठिकाणी तो निम्म्याहून जास्त असतो. त्यांचं पोट तुमच्या आईच्या नफ्यावर नाही, उलाढालीवर चालतं. माणूस वाईट असायची गरजच नाही. महिनाअखेर आली आणि ऑफिसचं भाडं द्यायचं असलं की 'पडून राहिलेला पैसा' डोळ्यांत खुपायला लागतो. मी हे जवळून बघितलंय. डीलरांना टार्गेट असतं, आणि ज्यांचा फोन कधी येत नाही अशा क्लायंटांची यादी सगळ्यांना पाठ असते.

एजंटने केलेल्या कामाची जबाबदारी कंपनीची. तेव्हा "ते आमचं बघत नाही, फ्रँचायझीशी बोला" असं मुख्य ऑफिस म्हणालं तर ऐकू नका.

आता कामाची गोष्ट. त्यांना लेखी विचारा: प्रत्येक ऑर्डर आईने दिली याचा पुरावा द्या. सेबीचा हा नियम २०१८ पासून आहे. फोनवर ऑर्डर दिली असेल तर रेकॉर्डिंग, नाहीतर ईमेल, सही केलेला कागद, ॲपचा लॉग, काहीतरी ब्रोकरने जपून ठेवायलाच हवं. वाद झाला की पुरावा द्यायचं ओझं त्यांच्यावर. ते उलट म्हणतील की नोटा नोंदवलेल्या ईमेलवर पाठवल्या होत्या, तुम्ही हरकत घेतली नाही. त्यावर तुमचं उत्तर केवायसीमध्येच आहे. एजंटचा मोबाईल किंवा ईमेल क्लायंटच्या खात्याला लावता येत नाही. घरातल्यांचा चालतो, तोही लेखी विनंतीवर: नवरा-बायको, अवलंबून असलेली मुलं, अवलंबून असलेले आईवडील. काका त्यात कुठे बसतात?

बाकीचं उद्या लिहितो, आत्ता जेवायला बोलावतायत.


मसाला_मार्केट

एक वेगळी बाजू मांडतो. आमचं दुकान एपीएमसीत, घर वाशीला. सेक्टर १७ मध्ये बसणारा एक एजंट आमच्या वडिलांचं खातं वीस वर्षं बघत होता. वडील गेले तेव्हा मला ट्रान्समिशन (शेअर्स वारसाच्या नावावर करणं) म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. हा माणूस घरी आला, मृत्यूच्या दाखल्यावर काय साक्षांकित करायचं, कोणता फॉर्म, नॉमिनीचा कोणता कागद, सगळं शेजारी बसून भरून घेतलं. तीन आठवड्यांत शेअर्स आईच्या नावावर. चॅटवरच्या रोबोला "माझे वडील वारले" असं लिहून बघा, काय उत्तर येतं ते.

तेव्हा जिन्याने वर जायला लागतं म्हणून माणूस वाईट, असं नाही. आमच्याकडे मोबाईल नंबर मात्र पहिल्यापासून आमचाच.

खरा धोका काय असतो ते आमच्या मार्केटात विचारा. डब्बा. एक्स्चेंजवर सौदा जातच नाही, वहीत लिहितात, रोखीने हिशोब. ना कॉन्ट्रॅक्ट नोट, ना एसटीटी. "टॅक्स वाचतो शेठ" म्हणून लोक करतात. आमच्या ओळखीतल्या एकाने जिंकलेले पैसे मागितले तर वहीवालाच गायब. तक्रार कोणाकडे करणार? सौदाच बेकायदा, आणि स्वतःही त्यात. एसटीटी कापलेला दिसला की मला हल्ली बरंच वाटतं.


खारघरचा_टेकडीवाला

@मसाला_मार्केट, मुद्दा मान्य. रोबोचा अनुभव मलाही आहे. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसई हे एक्स्चेंज सकाळी पावणेबाराच्या सुमारास बंद पडलं आणि पावणेचारला परत उघडलं, तो दिवस आठवतोय का? माझा इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकायचा, सौदा अर्धवट उघडा. माझ्या ब्रोकरने तो बीएसई या दुसऱ्या एक्स्चेंजवर स्वतःच बंद करून टाकला, नंतर एनएसई पाच वाजेपर्यंत चालू राहिलं. फोन लावतोय तर "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे". नियमात बसत असेल, पण माझे अकरा हजार गेले. तेव्हापासून दोन ब्रोकरकडे खाती ठेवतो आणि कॉल करून ऑर्डर देता येते का हे आधीच बघून ठेवतो.


जुना_डीलर

टेकडीवाले, इंट्राडे करता म्हणून सांगतो. सेबीने २०२४ मध्ये दोन अभ्यास काढले. कॅश मार्केटमध्ये इंट्राडे करणाऱ्या दहातले सात जण तोट्यात. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये तीन वर्षांत १०० पैकी ९३ तोट्यात, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. वीस रुपये ब्रोकरेज स्वस्त दिसतं, पण दिवसाला चाळीस ऑर्डरी टाकल्या की तो ब्रोकरही ताईंच्या काकांसारखाच झाला. फक्त टाळ धरत नाही.

आता ताईंसाठी कालचं उरलेलं.

ब्रोकर निवडताना मी पहिला प्रश्न विचारतो: माझे शेअर्स नक्की कुठे असतात आणि माझ्याशिवाय ते कोण हलवू शकतं? ब्रोकरेज त्यानंतर.

शेअर्स ब्रोकरकडे नसतात. ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीत तुमच्या नावावर असतात. ब्रोकर फक्त दार. तुमचा डीमॅट नंबर 'आयएन' अक्षरांनी सुरू होत असेल तर एनएसडीएल, नुसते सोळा आकडे असतील तर सीडीएसएल. दाराची किल्ली म्हणजे ती पॉवर ऑफ ॲटर्नी, पीओए, जी आईने फुलीवर सही करून दिली. २०१९ मध्ये कार्व्ही या ब्रोकर कंपनीचं प्रकरण बाहेर आलं ते याच किल्लीचं. क्लायंटांच्या खात्यातले शेअर्स स्वतःच्या कर्जापोटी गहाण टाकले होते. २२ नोव्हेंबर २०१९ ला सेबीचा आदेश आला, नवे क्लायंट घ्यायला बंदी. आमच्या ऑफिसात त्या आठवड्यात फोन ठेवायला वेळ नव्हता. "आमचे शेअर्स आहेत ना?" हा एकच प्रश्न. आम्ही सगळ्यांना सीडीएसएलच्या साइटवर जाऊन बघायला सांगत होतो. तिथे खाती असतात हेच निम्म्यांना ठाऊक नव्हतं.

त्यानंतर नियम बदलत गेले. सप्टेंबर २०२० पासून मार्जिनसाठी, म्हणजे सौद्याच्या तारणासाठी, शेअर्स द्यायचे तर ते तुमच्याच खात्यात राहून प्लेज, म्हणजे गहाण, होतात आणि प्लेजला तुमचा ओटीपी लागतो. २०२२ च्या नोव्हेंबरपासून नव्या खात्यांना पीओएऐवजी डीडीपीआय ही मर्यादित परवानगी आली, त्याची कामं चारच: विक्रीची डिलिव्हरी, प्लेज, एक्स्चेंजवरचे म्युच्युअल फंड, बायबॅकसारख्या ऑफरमध्ये शेअर्स देणं. आणि फेब्रुवारी २०२५ पासून विकत घेतलेले शेअर्स क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडून, म्हणजे सौदे चुकते करणाऱ्या संस्थेकडून, थेट तुमच्या डीमॅटमध्ये येतात, ब्रोकरच्या पूल (सामायिक) खात्यात मुक्काम नाही.

पण जुन्या पीओए आपोआप रद्द झाल्या नाहीत. तुम्ही रद्द करेपर्यंत त्या चालू. तुमच्या काकांचं फावलं ते इथे.

म्हणून नव्या खात्यात डीडीपीआयवर सही करूच नका. ती ऐच्छिक आहे, फॉर्म भरणारा पोरगा तसं सांगणार नाही. वर्षाला चार व्यवहार असतील तर विकताना टीपिन (डिपॉझिटरीचा गुप्त पिन) आणि ओटीपी टाकायला अर्धा मिनिट लागतं. तो अर्धा मिनिट आईच्या फोनवर वाजला पाहिजे.


पाचपाखाडीकरीण

जुना_डीलर, तुम्ही जेवून आलात याचा आनंद आहे :)

आईचा नंबर आणि माझा ईमेल लावायला फॉर्म टाकलाय. ऑर्डरचे पुरावे मागणारा मेलही गेला. एक विचारते, फुल सर्व्हिस, म्हणजे माणूस आणि ऑफिस असलेला ब्रोकर, आणि डिस्काउंट यात आमच्यासारख्यांना रुपयात फरक किती?


जुना_डीलर

पन्नास हजारांचे शेअर्स डिलिव्हरीत घेतलेत असं धरा. सरकारचं आणि एक्स्चेंजचं आधी: एसटीटी ०.१ टक्का म्हणजे ५० रुपये, स्टँप ड्यूटी ०.०१५ टक्के म्हणजे साडेसात रुपये, एक्स्चेंजचा चार्ज दीड रुपया, सेबीची फी पाच पैसे. हे साधारण ५९ रुपये कुठेही गेलात तरी तेच. आता ब्रोकरेज. अर्धा टक्कावाल्याकडे २५०, अधिक १८ टक्के जीएसटी, २९५ झाले. वीस रुपयेवाल्याकडे २३ रुपये ६० पैसे. विकताना पुन्हा तसंच, स्टँप ड्यूटी नाही, पण डीपी चार्ज लागतो, एका कंपनीला एका दिवसाचे पंधरा-वीस रुपये.

वर्षाला चार व्यवहार म्हणजे फरक हजार-अकराशेचा. एवढ्यासाठी कोणी घरी येऊन ट्रान्समिशनचे कागद भरून देणार असेल तर महाग नाही. पन्नास व्यवहार असतील तर मूर्खपणा. शिवाय अर्धा टक्का हा दगडावरची रेघ नाही. मागितलं तर ०.२ ला येतात, लेखी घ्या. आणि 'किमान ब्रोकरेज प्रति शेअर' अशी ओळ टॅरिफ शीटमध्ये आहे का बघा. कमी किमतीच्या शेअरला ती ओळ अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त कापू शकते. मी स्वतः असली शीट क्लायंटांपुढे सरकवलेली आहे, म्हणून सांगतोय.

मार्जिन ट्रेडिंगच्या, म्हणजे ब्रोकरच्या उधारीवर शेअर्स घ्यायच्या, चौकोनावरही टिचकी मारू नका. काही ॲपमध्ये खरेदी करताना तो पर्याय आधीच निवडलेला असतो. पैसे कमी कापले गेले म्हणून माणूस खूश, आणि रोज व्याज चढतंय.


शेअरगुरू_९९

रोज २% हमखास. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपला


व्यवस्थापन

वरील प्रतिसाद अर्धवट ठेवून उडवला आहे. सदस्याचं खातं बंद केलं आहे.


सीवूड्सची_सुमी

बरं झालं उडवलात. पण पूर्ण उडवू नका, लोकांना नमुना दिसू दे.

आमच्या सोसायटीतले एक रिटायर्ड इंजिनियर अशाच ग्रुपमध्ये गेले. ग्रुपात दीडशे माणसं, रोज कोणीतरी नफ्याचे स्क्रीनशॉट टाकतंय. एका मोठ्या ब्रोकरसारखं हुबेहूब दिसणारं ॲप, लिंकवरून उतरवलेलं. 'संस्थात्मक खातं' म्हणे, आयपीओ हमखास लागतो. यांनी टप्प्याटप्प्याने एकोणीस लाख भरले. ॲपमध्ये बेचाळीस लाख दिसायचे. लिफ्टमध्ये मला दाखवले होते, हिरवे आकडे, खालीवर हलणारे. काढायला गेले तर आधी वीस टक्के 'टॅक्स' भरा. त्यांनी त्याचीही तयारी केली होती, मुलीने अडवलं.

मला नंतर जाणवलं ते हे की पैसे कोणत्या खात्यात गेले हे त्यांनी एकदाही वाचलं नव्हतं. दर वेळी वेगळं खातं. कुठल्या तरी एंटरप्रायझेसचं, एकदा तर चक्क एका बाईच्या नावचं. खऱ्या ब्रोकरचे पैसे त्या ब्रोकरच्याच नावाच्या खात्यात जातात. ऑक्टोबर २०२५ पासून सेबीने यूपीआयसाठी वेगळे पत्तेच दिलेत, त्यात 'व्हॅलिड' हा शब्द आणि ब्रोकरसाठी 'बीआरके' अशी अक्षरं असतात, पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणात अंगठा दिसतो. तो दिसला नाही तर थांबायचं.

हे इंजिनियर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायला चौथ्या दिवशी तयार झाले. लाज वाटत होती. पहिल्या काही तासांत केला असता तर कदाचित काही रक्कम गोठवता आली असती.


जुना_डीलर

सुमीताई, त्या चौथ्या दिवसाबद्दल काय बोलणार. लाजेवरच तो धंदा चालतो.

नोंदणीचं सांगतो, दोन मिनिटांचं काम. सेबीच्या साइटवर मध्यस्थांची यादी आहे. ब्रोकरचा नंबर 'आयएनझेड'ने सुरू होतो. टिप देणारा असेल तर तो एक तर 'आयएनएच', म्हणजे रिसर्च ॲनालिस्ट, नाहीतर 'आयएनए', म्हणजे सल्लागार. एजंटांची यादी एक्स्चेंजच्या साइटवर. पण नंबर आहे म्हणून माणूस चांगला, असं नव्हे. ताईंच्या काकांची नोंदणी चोख असणार, पैज लावतो.

म्हणून नोंदणीनंतर एक्स्चेंजच्या साइटवर त्या ब्रोकरविरुद्धच्या तक्रारी बघा. नुसता आकडा नको, क्लायंटांच्या संख्येशी ताडून बघा. आणि प्रकार बघा. 'विनापरवानगी व्यवहार' हा रकाना मी आधी वाचतो.


मसाला_मार्केट

एक भाबडा प्रश्न. ब्रोकरच बुडाला तर?


जुना_डीलर

शेअर्स डिपॉझिटरीत, ते दुसऱ्या दारातून निघतात. अडकते ती ब्रोकरकडे ठेवलेली रोख. म्हणून लेजरमध्ये पैसे साठवू नका. महिन्याला किंवा तिमाहीला रनिंग अकाउंट सेटलमेंट होऊन ते तुमच्या बँकेत परत यायलाच हवेत, तुम्ही फॉर्ममध्ये निवडाल तसं. महिन्याचं निवडा. हल्ली क्लायंटांचे पैसे रोज क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे पाठवायचा नियमही आहे. एक्स्चेंजचा गुंतवणूकदार संरक्षण निधी आहे, पण तो मर्यादेपर्यंतच, आणि हमखास परताव्याच्या नादाने दिलेल्या पैशांना नाही. तीन-इन-वन खातं (बँक, ट्रेडिंग आणि डीमॅट एकत्र) किंवा यूपीआय ब्लॉक घेतलं तर ऑर्डर होईपर्यंत पैसे बँकेतच राहतात. आईंसाठी मला तेच बरं वाटतं.


पाचपाखाडीकरीण

दोन महिन्यांनी येतेय, पण शेवट सांगायला हवा.

कंपनीने आधी टोलवाटोलवी केली. स्कोअर्स या सेबीच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकली, त्यांना एकवीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर अठराव्या दिवशी आलं. सोबत चार रेकॉर्डिंग. एकात काका विचारतायत, "वहिनी, बँकेचे काढून औषध कंपनीचे घेतो, चालेल ना?" आणि आई म्हणतेय, "तुम्ही बघा काय ते, कुकरची शिट्टी होतेय." बाकी तिन्हीत साधारण तेच, कुकर नाही एवढंच. उरलेल्या सगळ्या व्यवहारांचा पुरावा शून्य.

ऑनलाइन तडजोडीला, म्हणजे ओडीआरला जायची आमची तयारी होती. त्याआधीच त्यांनी त्या चार सोडून बाकीचं ब्रोकरेज आणि त्यावरचा जीएसटी परत द्यायची तयारी दाखवली, ५८,२०० रुपये. एसटीटी सरकारला गेला तो गेला. मी आर्बिट्रेशनपर्यंत, म्हणजे लवादापर्यंत, जाणार होते, आईने नको म्हटलं. काका तिला गावदेवी मार्केटात भेटले तर ती अजून "बरे आहात ना?" विचारते. मला संताप येतो, पण खातं तिचं आहे.

नवं खातं बँकेच्या तीन-इन-वनमध्ये उघडलं, पाचपाखाडीतल्या शाखेतून. ब्रोकरेज डिस्काउंटपेक्षा जास्त आहे, घासाघीस करून कमी केलं, लेखी घेतलं. डीडीपीआयवर सही केली नाही, फॉर्म भरणारा मुलगा दोनदा म्हणाला, "मॅडम, सगळेच करतात." नॉमिनी मी आणि भाऊ. जुनं खातं बंद करताना नव्या खात्याचा सीएमआर, म्हणजे खात्याच्या तपशिलाचा कागद, जोडला, शेअर्स तसेच्या तसे आले. खातं बंद करून स्वतःच्याच नावावर नेताना ट्रान्सफरचा चार्ज लागत नाही, त्यांनी लावला होता, दाखवून दिल्यावर काढला. टेकडीवाले, जुनं बंद झाल्यावर एकच डीमॅट उरलं, तेव्हा बीएसडीएसुद्धा झालं. खरेदीच्या किमती मात्र नव्या ॲपमध्ये शून्य दिसत होत्या, बाबांच्या वहीतून बघून एकेक भरल्या.

आता एक्स्चेंजचा मेसेज आईच्या फोनवर येतो. पहिल्यांदा आला तेव्हा घाबरून मला ऑफिसात फोन केला, "अगं, मी काही विकलं नाही हं!" दर आठवड्याला ब्रोकर एक्स्चेंजला शिल्लक कळवतो, त्याचाच मेसेज होता.


जुना_डीलर

उत्तम. काकांकडून जुनं डीआयएस स्लिपबुक, म्हणजे सही करून शेअर्स दुसरीकडे पाठवायच्या चिठ्ठ्यांचं पुस्तक, परत घेतलंत का?


पाचपाखाडीकरीण

घेतलं. मागितल्यावर लगेच दिलं, ड्रॉवरमध्ये वरच होतं. दहा स्लिपांचं पुस्तक, तीन वापरलेल्या, तीन आईच्या सहीच्या, बाकी सगळं कोरं. आईला विचारलं या सह्या कधी केल्यास, तर म्हणाली, "फुल्या होत्या ना."

खातं बंद झालंय, त्यामुळे स्लिपांना आता काही किंमत नाही असं तिला सांगितलं. तरी तिने कात्री घेतली, तिन्ही सह्या कापून काढल्या आणि गॅसवर जाळल्या. उरलेला कागद मात्र टाकू दिला नाही. फ्रिजवर लावलाय, किराण्याच्या यादीसाठी.